आठ सेकंदांच्या पुढे

पहिल्यांदा तो व्हिडिओ बघितला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सकाळी सबमिशन होतं. (आपलं सगळ्यांचं असंच असतं ना, लॅपटॉपवर असाइनमेंट उघडी आणि फोनवर भलतंच काहीतरी चालू!) व्हिडिओत चिखलाने भरलेलं मैदान दिसतं. एक तरुण वळूच्या पाठीवर बसून उसळतोय. आठ सेकंद होतात, तो खाली उतरतो. वळू वळतो आणि शिंगाने त्याला चिखलात दाबतो. मग तो तरुण उठून उभा राहतो, मदतीसाठी हात करतो, एक-दोन पावलं टाकतो आणि पडतो.

मला वाटलं, पुढे स्ट्रेचर येईल, तो हसून हात हलवेल, टाळ्या पडतील. तसं काही होत नाही. त्या तरुणाचं नाव लेन फ्रॉस्ट. तारीख ३० जुलै १९८९. वय २५, म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. अमेरिकेत बुल रायडिंग बघणाऱ्या कुठल्याही घरात हे नाव आजही सांगावं लागत नाही. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. पहिली गोष्ट, हा बैल नसतो, वळू असतो. सातशे-आठशे किलोचा, खास जातीतून तयार केलेला. त्याच्या छातीभोवती एक जाडसर दोर गुंडाळलेला असतो. स्वार हातमोजा घालतो, दोराला राळ चोळतो म्हणजे पकड घट्ट बसते, आणि एकाच हाताने तो दोर धरतो. दुसरा हात हवेत. तो हात वळूला किंवा स्वतःला लागला की खेळ खल्लास, शून्य गुण. फाटक उघडल्यापासून आठ सेकंद टिकायचं. टिकलात तरच गुण मिळतात, आणि ते शंभरपैकी असतात. त्यातले पन्नास स्वाराचे आणि पन्नास वळूचे! म्हणजे वळू जितका अवघड, तितका तुमचा फायदा. गरीब जनावर वाट्याला आलं तर तुम्ही कितीही छान बसा, स्पर्धा हरणार. आणि कुठला वळू मिळेल हे चिठ्ठीवर. मला हा नियम फार आवडला. जगात असे किती खेळ असतील, जिथे प्रतिस्पर्धी भारी निघावा म्हणून खेळाडू मनापासून प्रार्थना करतो?

वळूच्या मागच्या पायांच्या पुढे पोटाला एक पट्टा बांधतात. त्याने तो मागचे पाय जास्त उंच झाडतो. हा पट्टा वृषणांना आवळतात अशी एक गोष्ट इंटरनेटवर फिरत असते, ती खोटी आहे. पण जनावराला हे आवडत असेल का, हा प्रश्न उरतोच. त्यावर तिकडे बरीच वर्षं वाद चालू आहेत. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण झालं, तेव्हा दोन्ही बाजू ऐकलेल्या असतील तुम्ही. मुद्दे साधारण तेच.

आता लेनकडे.

त्याचा जन्म १२ ऑक्टोबर १९६३ चा, कोलोरॅडो राज्यातल्या ला हुंता गावचा. वडील क्लाइड स्वतः रोडिओतले घोडेस्वार होते, म्हणजे बेलगाम घोड्यांवर बसणारे. आई एल्सी. लेनचं लहानपण युटा राज्यात गेलं, घरचा दूधदुभत्याचा व्यवसाय होता. गोठ्यात वासरं भरपूर. पाच-सहा वर्षांचा असताना हा पोरगा त्या वासरांवर बसायला लागला. आपल्याकडेही गावातली पोरं रेडकावर बसतात, पडतात, आईचा मार खातात, आणि विषय संपतो. याचा संपला नाही. दहा वर्षांचा असताना लहान मुलांच्या रोडिओत त्याने पहिली बक्षिसं मिळवली आणि पंधराव्या वर्षापासून तो नियमितपणे वळूवर बसू लागला.

मग १९७८ मध्ये कुटुंब ओक्लाहोमात राहायला गेलं. ज्या गावी गेलं त्या गावाचं नावच लेन! हा निव्वळ योगायोग, पण सिनेमात दाखवला असता तर आपण जास्तच झालं म्हटलं असतं.

ओक्लाहोमाला जाण्याने एक मोठी गोष्ट घडली. तिथे जवळच फ्रेकल्स ब्राउन राहायचे. यांच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. १९६२ च्या हंगामात त्यांची मान मोडली, उरलेल्या स्पर्धा ते खेळूच शकले नाहीत, आणि तरीही त्या वर्षीचे जगज्जेते तेच ठरले, कारण तोवर त्यांनी इतकी आघाडी घेतली होती की कुणाला ती गाठता आली नाही. पाच वर्षांनी, १९६७ च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत त्यांच्या चिठ्ठीत टॉर्नेडो नावाचा वळू निघाला. तोवर दोनशेहून जास्त स्वार त्याने फेकले होते, एकही टिकला नव्हता. ब्राउन तेव्हा ४६ वर्षांचे होते. या खेळात पस्तिशीतला माणूसही म्हातारा समजतात. ते टिकले.

असा माणूस शेजारी असल्यावर शिकवणीला बाहेर कुठे जायची गरज काय? तोल कुठे ठेवायचा, वळूच्या खांद्यांकडे कसं बघायचं, घाबरल्यावर काय करायचं, हे लेन त्यांच्याकडून शिकला. नातं गुरू-शिष्याचं होतं, आणि हळूहळू आजोबा-नातवासारखं झालं.

१९८१ मध्ये लेन शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बुल रायडिंगचा विजेता झाला. शाळा संपली आणि १९८३ पासून तो व्यावसायिक स्पर्धांत उतरला. व्यावसायिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे करार, मानधन, मॅनेजर येतो. इथे तसलं काही नव्हतं. प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी स्वतःच्या खिशातून भरायची. पेट्रोल स्वतःचं, हाडं मोडली तर तो खर्चही स्वतःचा. वळूने तीन सेकंदांत पाडलं तर हातात शून्य. त्यामुळे स्वार वर्षाला शंभराच्या आसपास स्पर्धा करायचे, रात्रभर गाडी चालवून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे आणि खर्च वाटून घ्यायला चार जण मिळून फिरायचे.

लेनचं टोळकं म्हणजे टफ हेडमन, कोडी लँबर्ट आणि जिम शार्प. एका गाडीत झोपणारे, एकमेकांना उधार देणारे, आणि मैदानात गेल्यावर एकमेकांविरुद्ध खेळणारे. आता ही यादी बघा: १९८६ चा जगज्जेता टफ, १९८७ चा लेन, १९८८ चा जिम शार्प, १९८९ चा परत टफ. एकाच गाडीतल्या दोस्तांनी चार वर्षं किताब बाहेर जाऊच दिला नाही. जिम शार्प तर १९८८ च्या अंतिम स्पर्धेत दहाच्या दहा वळूंवर टिकला, असं करणारा तो पहिलाच. हॉस्टेलच्या एका खोलीतले सगळेच यूपीएससी झाले, असं काहीतरी हे आहे.

पण लोकांचा लाडका होता तो लेन. कारण साधं होतं, तो माणसांना टाळायचा नाही. टोपीत पीस खोचलेलं, तोंडभर हसू, आणि स्वारी झाली की प्रेक्षकांकडे बघून हात हलवणं. लहान मुलं सही मागायला आली की थांबायचा. दोस्त गाडीत खोळंबलेले असायचे, पुढची स्पर्धा कित्येक तासांच्या अंतरावर, तरी हा थांबायचा.

१९८५ च्या जानेवारीत त्याने केली काइलशी लग्न केलं. तीही याच दुनियेतली, पिंपांभोवती घोडा पळवायच्या शर्यतीत भाग घेणारी. नवरा वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावर, पंचविशीच्या आतली प्रसिद्धी, भोवती चाहत्यांची गर्दी. संसारात जे ताण यायचे ते आले. त्याच्यावरच्या सिनेमानेही ते लपवलेले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. गेलेल्या माणसाला देव करून टाकणं सोपं असतं.

१९८७ हे वर्ष त्याच्या आयुष्यातलं मोठं. मार्चमध्ये फ्रेकल्स ब्राउन कॅन्सरने गेले. डिसेंबरमध्ये लास वेगसला लेन जगज्जेता झाला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. गुरूला तो किताब बघायला मिळाला नाही.

त्याच वर्षी आणखी एक जण शिखरावर होता. त्याचं नाव रेड रॉक, आणि तो वळू होता. व्यावसायिक स्पर्धांत ३०९ स्वारांनी त्याच्यावर बसून बघितलं. आठ सेकंद एकही टिकला नाही. १९८७ चा सर्वोत्तम वळू म्हणून त्याला मान मिळाला आणि मालकांनी त्याला त्याच वर्षी निवृत्त केलं. अपराजित. रेड रॉकची खासियत अशी की तो आडदांड नव्हता. मैदानाबाहेर एकदम शांत, मुलांनी हात फिरवला तरी उभा राहणारा. मैदानात मात्र त्याला स्वाराचा तोल कळायचा. तुम्ही डावीकडे झुकलात की तो उजवीकडे वळणार. स्वारांना हे माहीत असूनही उपयोग नव्हता, कारण तोल जाणं काही ठरवून होत नसतं. बरं, खाली पडलेल्या माणसाला तो तुडवायचा नाही. काम झालं की आपला परत निघायचा.

तर एकीकडे कुणालाही न हरलेला वळू आणि दुसरीकडे त्या वर्षीचा जगज्जेता, दोघेही १९८७ चे. मग १९८८ मध्ये रेड रॉकला निवृत्तीतून परत आणलं गेलं आणि दोघांच्या सात लढती ठरल्या. वेगवेगळ्या गावांतल्या सात रोडिओंत तोच स्वार, तोच वळू. चॅलेंज ऑफ द चॅम्पियन्स हे या मालिकेचं नाव.

या खेळात एरवी असं होत नाही. वळू चिठ्ठीवर मिळतो, आज भेटला तो परत वर्षभर भेटत नाही. इथे मात्र दोघांनाही एकमेकांचा अभ्यास करायला वेळ मिळाला. लेन पडला, उठला, काय चुकलं याचा विचार करून पुढच्या गावी गेला. आणि ज्याला तीनशेहून जास्त माणसं हरली होती, त्याच्यावर तो टिकला. एकदा टिकला तर नशीब म्हणता येतं. तो सातपैकी चार वेळा टिकला. अंतिम हिशेब स्वार चार, वळू तीन.

मला हा हिशेब कुठल्याही सात-शून्यपेक्षा भारी वाटतो. रेड रॉक हरला, पण तीन वेळा त्याने जगज्जेत्याला मातीत लोळवलं. पुढे १९९० मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक रोडिओच्या हॉल ऑफ फेममध्ये लेनला स्थान मिळालं, आणि त्याच वर्षी रेड रॉकलाही. एकाच वर्षी माणूस आणि जनावर, दोघांचीही नावं. आपण पोळ्याला बैलाची पूजा करतो, झूल घालतो, पण बैलाचं नाव असं पाटीवर कोरून ठेवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

१९८८ मध्येच कॅनडातल्या कॅलगरीला हिवाळी ऑलिंपिक होतं, तिथे सोबत भरलेल्या रोडिओत लेन अमेरिकेच्या संघातून खेळला. सगळं छान चाललं होतं.

मग शायेन. वायोमिंग राज्यातलं हे शहर आणि तिथला फ्रंटियर डेज हा अमेरिकेतला सगळ्यात मोठ्या रोडिओंपैकी एक. जुलैचा शेवटचा रविवार, स्पर्धेचा शेवटचा दिवस, पावसाने मैदानाचा चिखल झालेला. लेनच्या चिठ्ठीत टेकिन केअर ऑफ बिझनेस नावाचा वळू. स्वारी उत्तम झाली. पूर्ण आठ सेकंद, ८५ गुण.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण हा अपघात चुकीमुळे झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. चूक काहीच नव्हती. भोंगा वाजला होता, काम संपलं होतं. तो उतरला आणि चिखलात हातापायांवर पडला. वळू वळला आणि त्याने उजव्या शिंगाने त्याच्या पाठीवर दाब दिला. शिंग आत शिरलं नाही, रक्त दिसलं नाही. त्यामुळे तो उठला तेव्हा बघणाऱ्यांना वाटलं असेल, वाचला. आतल्या आत बरगड्या मोडल्या होत्या. त्याने टफच्या दिशेने हात केला, पावलं टाकली, आणि पडला. त्या पडण्याने मोडलेल्या बरगड्यांनी आतमध्ये घात केला. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण उपयोग झाला नाही. स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा त्याचे गुण मोजले गेले आणि तो तिसरा आला.

ओक्लाहोमातल्या ह्यूगो गावी त्याला पुरलं, फ्रेकल्स ब्राउन यांच्या जवळच. त्या वळूला कुणी गोळी घातली नाही, हेही सांगायला हवं. तो पुढेही खेळत राहिला. त्या दुनियेत वळूवर राग धरत नाहीत. मला आधी हे विचित्र वाटलं, मग पटलं. जनावराने आपल्या स्वभावाप्रमाणे केलं, मैदानात उतरायचं माणसांनी ठरवलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लास वेगसला टफ हेडमन जगज्जेता झाला. शेवटच्या वळूवर आठ सेकंद पूर्ण झाले, भोंगा वाजला, आणि टफ उतरलाच नाही. तो आणखी आठ सेकंद बसून राहिला. पहिले आठ स्वतःचे आणि पुढचे आठ लेनचे. त्याचे गुण मिळत नाहीत. १९९४ मध्ये ल्यूक पेरीला घेऊन जॉन ॲव्हिल्डसनने (‘रॉकी’ आणि ‘कराटे किड’वाला) ‘एट सेकंड्स’ हा सिनेमा काढला, त्यात हा प्रसंग आहे. आणि गार्थ ब्रुक्सच्या ‘द डान्स’ या गाण्याचा व्हिडिओ बघितलात, तर त्यात केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सोबत टोपीवाला एक हसरा पोरगा दिसेल. तो हाच.

दुसऱ्या दोस्ताने, कोडी लँबर्टने, वेगळंच काम हाती घेतलं. त्याने स्वारांसाठी छाती आणि पाठ झाकणारं संरक्षक जाकीट तयार केलं. लेनच्या काळात कापडी शर्ट आणि टोपी, एवढ्यावर लोक वळूसमोर जायचे. आज व्यावसायिक स्वार जाकिटाशिवाय उतरत नाही. हेल्मेटचा नियम मजेशीर आहे. पीबीआरमध्ये तो जन्मतारखेवर ठरतो, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सक्ती. जुन्या पिढीची टोपी काढून घ्यायची हिंमत कुणाला झाली नसावी. आणि जाकीट म्हणजे अमरपट्टा नाही. २०१९ च्या जानेवारीत डेन्व्हरमध्ये मेसन लो नावाच्या स्वाराच्या छातीवर वळूचा पाय पडला. जाकीट अंगात होतं. तो गेला. वय पुन्हा २५.

पीबीआर म्हणजे प्रोफेशनल बुल रायडर्स. १९९२ मध्ये वीस स्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर काढून ही संघटना सुरू केली. त्या विसांत टफ, कोडी आणि जिम शार्प होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रोडिओत गर्दी बुल रायडिंगसाठी थांबते, म्हणून तो खेळ शेवटी ठेवतात, मग पैसे आम्हाला नीट का मिळू नयेत? पहिली जागतिक अंतिम स्पर्धा १९९४ मध्ये झाली आणि ब्राझीलचा आद्रियानो मोराइस त्या वर्षीचा जगज्जेता ठरला. आज तिथल्या जगज्जेत्याला दहा लाख डॉलरचा बोनस मिळतो. स्वतःच्या खिशातून फी भरून रात्रभर गाडी हाकणारा लेन हे बघायला नव्हता. अंतिम स्पर्धेतल्या सर्वाधिक गुणांच्या स्वारीला जो पुरस्कार देतात, त्याला मात्र त्याचं नाव आहे. सोबत ब्रेंट थर्मनचं. तोही १९९४ मध्ये असाच गेला.

वळूंचीही तिथे वेगळी स्पर्धा असते, वर्षाचा जगज्जेता वळू निवडतात. बुशवॅकर नावाचा वळू तीनदा जगज्जेता झाला. सलग ४२ स्वार पाडल्यावर २०१३ मध्ये टल्साला जे. बी. मॉनी त्याच्यावर टिकला. त्या रात्री रेड रॉकची आठवण किती जणांना झाली असेल!

शायेनच्या मैदानाजवळ लेनचा ब्राँझचा पुतळा आहे, ख्रिस नावारोने घडवलेला. त्यात तो वळूवर बसलेला आहे.

टफ हेडमनच्या मुलाचं नाव लेन ठेवलं. १९९५ च्या पीबीआर अंतिम स्पर्धेत टफला बोडेशस नावाचा वळू मिळाला. हा मागून असा उसळायचा की स्वार पुढे झुकायचा, आणि मग डोकं वर फेकायचा. टफचा चेहरा त्याच्या डोक्यावर आदळला. चेहऱ्याची हाडं चक्काचूर, कित्येक तास ऑपरेशन. काही आठवड्यांतच डिसेंबरची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा होती. टफ तिथे गेला, आणि एका रात्री चिठ्ठीत पुन्हा बोडेशस निघाला.

त्याने फाटकापर्यंत जाऊन दोर बांधायची तयारी केली नाही. फाटक उघडायला सांगितलं, वळू रिकाम्या पाठीने एकटाच मैदानात गेला, आणि टफने बाजूला उभं राहून त्याला टोपी काढून सलाम केला.